पाठांतर नको, वाद हवा
(शिक्षक-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



माध्यमिक शाळांतील वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धा हा विषय आपल्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सरळ आहे. ज्या समाजात बोलण्याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या मूठभरांकडे राहिला, तेथे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला सभेत उभे राहून आपले म्हणणे मांडता येणे ही शोभेची कला नव्हे. तो लोकशाहीचा पाया आहे.

परंतु आजच्या बहुसंख्य स्पर्धांत घडते काय? भाषण लिहितात गुरुजी अथवा पालक. मूल ते पाठ करते, ठरल्या वाक्याला मूठ आवळते, ठरल्या वाक्याला आवाज चढवते. विषय थोर पुरुषांच्या गौरवाचे असतात. त्यांत कोणाला विरोध करावा लागत नाही आणि विचारही करावा लागत नाही. परीक्षक उच्चारांना गुण देतात, म्हणजे पुष्कळदा घरच्या भाषेलाच गुण देतात. वाडीवरच्या, पाड्यावरच्या मुलीचा मुद्दा बिनतोड असूनही तिची बोली तिला मागे ठेवते.

वादविवादाचे तसे नाही. प्रतिपक्ष काय बोलणार हे आधी ठाऊक नसते, म्हणून ऐकावे लागते आणि ऐकून उत्तर द्यावे लागते. यावर आक्षेप असा की, चिठ्ठी निघेल त्या बाजूने बोलायला शिकवल्यास मुले तत्त्वशून्य होतील. आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

१५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत प्रा. के. टी. शहा यांनी भारताच्या वर्णनात ‘धर्मनिरपेक्ष’, ‘संघराज्यात्मक’ व ‘समाजवादी’ हे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. तिला विरोध केला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे त्या त्या काळी जनतेने ठरवावे, ते घटनेने आधीच बांधून ठेवू नये. शिवाय मार्गदर्शक तत्त्वांत समाजवादी आशय आहेच, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुरुस्ती फेटाळली गेली. पण पुढे २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी शहा, ह. वि. कामत, पंजाबराव देशमुख अशा हरकती घेणाऱ्या सदस्यांचे आभार मानले. त्यांच्यामुळेच घटनेमागील तत्त्वांचा खुलासा करण्याची संधी मिळाली, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

‘समाजवादी’ हा शब्द उद्देशिकेत आला १९७६ साली, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. तेव्हा आणीबाणी होती, वृत्तपत्रांवर नियंत्रण होते आणि विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात होते. आपल्याला प्रिय असलेला शब्द खुल्या वादात हरला आणि वाद बंद असताना जिंकला! यांपैकी कोणता प्रसंग लोकशाहीला अधिक शोभणारा, हा प्रश्न नववीच्या वर्गापुढे ठेवा. शहांची बाजू आज आणि आंबेडकरांची उद्या मांडणारी मुलगी तत्त्वशून्य होणार नाही. आपले मत कशाच्या बळावर उभे आहे, हे तिला कळेल. ज्याला प्रतिपक्षाची उत्तम बाजू सांगता येत नाही, त्याची निष्ठा बहुधा उसनी असते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी काही गोष्टी कराव्यात. प्रवेशशुल्क घेऊ नये. लिहून दिलेले भाषण चालणार नाही, असा नियम करावा. प्रत्येक स्पर्धकाला दोन्ही बाजू मांडायला लावाव्यात. गुण मुद्द्याला आणि प्रत्युत्तराला द्यावेत, बोलीवरून कापू नयेत. विषय जवळचे घ्यावेत : पाण्याचे वाटप, गायरानाचा वापर, उसाला पाणी किती द्यावे. ढालीपेक्षा पुस्तके द्यावीत, आणि ती हरणाऱ्यालाही द्यावीत.

१९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. तरीही कित्येक ग्रामसभांत दोघे-तिघे बोलतात आणि बाकीचे सह्या करतात. ही शांतता सत्ताधाऱ्यांच्या सोयीची आहे. ती मोडण्याची तालीम शाळेच्या वर्गातच व्हायला हवी, आणि त्या तालमीत आपल्या मताविरुद्ध बोलणाऱ्या मुलांना टाळी देण्याची तयारी आधी आपण ठेवायला हवी.