भिंगरी आणि मरळ

श्रोतेहो, शेवगांवसारख्या पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या तालुक्यांतील एका निवृत्त शिक्षकानें मासे धरण्याविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु आमच्या तालुक्याच्या उत्तरेस गोदावरी आहे, आणि १९७६ सालीं लोकार्पण झालेल्या जायकवाडीच्या धरणामुळें तिचें पाणी येथवर तुंबतें. गळाचा छंदही आपल्याकडे जुनाच. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य राजानें, तिसऱ्या सोमेश्वरानें, रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें मत्स्यविनोदाचेंही प्रकरण आहे. तेव्हां मास्तरानें गळ टाकला तर फारसें बिघडूं नये.

माझें क्षेत्र म्हणजे आमच्या शिवारांतील लहानसा पाझर तलाव, आणि माझें लक्ष्य म्हणजे मरळ. ही मासळी पाण्यांत राहूनही वरच्या हवेचा श्वास घेते. म्हणून तळें आटूं लागलें तरी ती तग धरते. लव्हाळ्याच्या कडेला ती दबा धरून बसते आणि समोरून जाणाऱ्या बेडकावर किंवा मासोळीवर झडप घालते.

अमेरिकेंत नोकरीस असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्यानें मला एक आमिष पाठविलें. तेथील 'बास' नांवाच्या माशासाठीं तें केलेलें. तारेची एक कमान. तिच्या खालच्या फांदीस शिशाचें डोकें, गळ आणि रबरी झालर. वरच्या फांदीस गरगरणारें पत्र्याचें पातें. माझ्या नातवानें त्यास भिंगरी हें नांव दिलें. परंतु एक महिना लोटला तरी भिंगरीला मरळ लागेना. मरळ मागें येई, झालरीस तोंड लावी आणि निघून जाई.

अखेर मीं विद्यार्थ्यांची वही तपासावी तशी ती भिंगरी तपासली. दोरी ओढतांच ती एका कुशीवर कलत होती. वरची तार गळाच्या बरोबर माथ्यावर, एका रेषेंत येईल अशी पकडीनें वाकविली. ती सरळ पोहूं लागली. झालर फार लांब होती आणि मासा तिचें टोंकच ओढत होता. ती कातरून आंखूड केली. पुढें पात्याकडे वळलों. पाणी गढूळ असतां माशास दिसत कमी. तेथें रुंद, वाटोळें पातें लावावें, कारण त्याचा पाण्यांतील थरकांप त्यास दुरूनही जाणवतो. निवळ पाण्यांत विळूच्या पानासारखें निमुळतें पातें चमकून काम करतें. वाटोळें पातें आमिष वर उचलून धरतें, म्हणून तें हळू ओढतां येतें. निमुळतें खोल जातें. इतकें केल्यावर चौथ्याच फेकीस मरळ लागली, आणि मी मुलासारखा हंसलों.

श्रोतेहो, येथवरची कथा कौशल्याची झाली. पुढची मला सांगणें जड जातें. श्रावणांतील एका सकाळीं लव्हाळ्याजवळ केशरी पिल्लांचा पुंजका पाण्यावर हेलकावत होता. मीं भिंगरी त्यांच्यामधून ओढली आणि क्षणांत मोठी मरळ लागली. ती भुकेनें आली नव्हती. मरळ आपल्या पिल्लांची राखण करते, आणि ही शत्रूवर धांवून आली होती. नातवानें विचारलें, "आजोबा, आतां यांना कोण राखील?" मीं लगबगीनें तिला सोडविली, परंतु गळ खोल रुतला होता. पाण्यांत सोडली तशी ती उलटी तरंगूं लागली.

त्या दिवसापासून माझ्या भिंगरीची शेवटची दुरुस्ती झाली. गळाच्या टोंकाजवळचा उलटा कांटा मीं पकडीनें दाबून सपाट केला, म्हणजे मासा सहज सुटतो. आणि पिल्लें दिसलीं कीं मी दोरी गुंडाळतों. आमिष नीट करणें हें हाताचें काम. तें कोठें टाकूं नये, हें ठरविणें मनाचें. पहिलें मला एका महिन्यांत आलें. दुसऱ्यासाठीं एका मरळीचा जीव गेला. आपणांपैकीं कोणी गळ घेऊन पाण्यावर जाणार असाल, तर दुसरें आधीं शिकून जावें, एवढीच विनंती.