मोहफुलाचा सडवा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'असंघटित कामगारांचे प्रश्न' असे काहीतरी सांगेन, अशी त्यांची समजूत होती. मी 'मोहाची दारू' म्हणालो, तेव्हा पलीकडून थोडा वेळ कोणी बोलेना. रामदासपेठेतल्या सभेत हा विषय बरा दिसेल काय, अशी शंका त्यांना आली असावी. म्हणून आधीच सांगून टाकतो, मी दारू घेत नाही. माझे वडील घेत असत. पगाराच्या दिवशी त्यांना गुत्त्यावरून घरी आणण्याचे काम मी सातवीत असेपर्यंत माझ्याकडे होते. सातवीनंतर शाळाच उरली नाही. पुढे जे काही वाचले ते बिडी कामगारांच्या युनियनच्या कचेरीत, रात्री. तेव्हा दारूची तरफदारी करायला मी उभा नाही. माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगावयाची आहे. पण ही वस्तू काय आहे हे कळल्यावाचून ती चूक कळणार नाही.

काही वर्षांपूर्वी चैत्रात मी कोरचीकडच्या एका टोल्यावर गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. कारण तुम्हाला कळेलच. तेंदूपत्त्याच्या दराची सभा होती. दिवसभर मोह वेचून दमलेली माणसे जेवून जमली, आणि सभा सुरू व्हायच्या ऐवजी निराळाच वाद सुरू झाला. मागल्या दिवाळीची दारू का बिघडली? एक जण म्हणाला, लाकूड ओले होते, म्हणून धूर लागला. दुसरा म्हणाला, तसे नव्हे, यंदा फुलांत गूळ घातला, नुसत्या फुलाला असला उग्र वास कधी येत नाही. कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "लाकडाचं नाव कायले घेता गा? फूल वाळत होतं तेव्हा पाणी पडलं. बुरसा धरला त्यानं. पहिल्या घोटातच समजते ते." सगळे गप्प झाले. तिच्यापुढे त्या गावात या बाबतीत कोणी बोलत नसे.

मी तासभर ऐकत राहिलो. मोह रात्री उमलतो आणि पहाटे गळतो. फुलाचा मांसल, पिवळसर भाग तेवढा खाली पडतो. बाया-पोरे उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली. मग ते उन्हात वाळत घालायचे, पार मनुक्यासारखे तांबूस होईपर्यंत. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते. ते नीट ठेवले तर वर्षभर टिकते, आणि म्हणूनच चैत्रातले फूल दिवाळीला कामी येते. मडक्यात पाण्यात भिजत घातले की ते आपोआप आंबते, हाच सडवा. उन्हाळ्यात तीन-चार दिवस पुरतात, दिवाळीच्या थंडीत आठवडा लागतो. घाई केली तर गोडवा तसाच राहतो, उशीर केला तर आंबट होते. मग चुलीवर सडव्याचे मडके, त्यावर बुडाला भोके पाडलेले दुसरे, त्याच्या पोटात थेंब झेलणारे भांडे, आणि सर्वांत वर थंड पाणी. सांधे मातीने लिंपायचे. वाफ वरच्या गार बुडाला लागते आणि थेंब होऊन खाली येते. वरचे पाणी तापले की बदलायचे. कितव्या पाण्याला थांबायचे, यावरच सगळी चव. लोभ्या माणसाची दारू पाणचट, असे ती म्हातारी म्हणत होती. पहिले थेंब मात्र जमिनीवर, पूर्वजांच्या नावाने.

आता या विद्येचे पुढे काय झाले ते पाहा. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा आला आणि गाळणे ही सरकारच्या उत्पन्नाची बाब झाली. तरी घरोघरी मोह गळतच होता. म्हणून १८९२ साली खास मोहाचाच कायदा केला, आणि ठाणे-कुलाब्याकडे फूल जवळ बाळगणे हीच भानगड झाली. झाडावरून पडलेले फूल! आपल्याकडे, याच नागपुरातून कारभार चाले तेव्हा, १९३८ साली मध्यप्रांताचा दारूबंदी कायदा झाला. त्यामागचा हेतू इंग्रजांसारखा तिजोरीचा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलावर निर्बंध होतेच. महाराष्ट्र सरकारने ते उठवले २०२१ मध्ये. फूल सुटले, सडवा अर्थात गुन्हाच राहिला. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, मध्य प्रदेशात आदिवासींनी गाळलेली मोहाची दारू 'वारसा' म्हणून बाटलीत भरली जाऊ लागली. आमच्याकडे तीच मडकी पंचनाम्यात.

चोरून करायची वस्तू घाईने होते. घाईने करायची म्हणून नवसागर आला, गूळ आला, आणि हंगाम गेला. सणाची वस्तू बारमाही विक्रीची झाली. मुंबईत मालवणीला २०१५ साली शंभरावर माणसे मेली ती मिथेनॉलने. त्यात फुलाचा काय संबंध? पण बदनामीत सगळी एक.

हे ऐकून कोणी टाळ्या वाजवू नयेत, कारण दुसरी बाजू मी डोळ्यांनी पाहिली आहे. १९७२ च्या सुमारास शहाद्याला श्रमिक संघटनेतल्या भिल्ल स्त्रिया दारूविरुद्ध उठल्या, त्यांनी मडकी फोडली. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती लोकांनी मागून घेतलेली. त्यात आदिवासी बायाही होत्या, मार खाल्लेल्या. त्यांना जाऊन मी चवीचे कौतुक सांगू? चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली. दोन्ही वेळा बोलणाऱ्यांत मोहाचे फूल वेचणारे किती होते, एवढेच मी विचारतो.

आता माझी चूक. त्या चैत्राच्या दहाएक वर्षे आधी, याच टोल्यावर, आम्ही विक्रीवाल्यांविरुद्ध मोहीम काढली. बाया पुढे, मी मागे. दोन विक्रीवाल्यांची मडकी फुटली, ते योग्यच झाले. त्या भरात आम्ही एका विधवेच्या घरात शिरलो. परसात सडवा लावलेला होता. ती म्हणत होती, घरची आहे, देवाची आहे, विकत नाही. मी ऐकले नाही. माझ्या डोळ्यांपुढे वडील होते. मी स्वतःच्या हाताने मडके उपडे केले, आणि शेजारी सुक्या फुलांची टोपली होती, तीही चिखलात ओतली. पुन्हा लावू नये म्हणून. तिने आरडाओरड केली नाही. एवढेच म्हणाली, "भाऊ, फुलं तरी ठेवाची होती."

मला तेव्हा वाटले, तिला दारूचीच हाव. मोह उकडून खातात, पावसाळ्यात घरातले धान्य संपले की त्यावर दिवस काढतात, हे मला ठाऊकच नव्हते. इतकी वर्षे तेंदूच्या पुड्यांचा हिशोब करणारा मी, ज्यांचा हिशोब करीत होतो ते श्रावणात काय खातात ते मी कधी विचारले नव्हते. व्यापारी मात्र जाणून होता. तो चैत्रात फूल पडेल भावाने उचलतो आणि पावसाळ्यात त्याच माणसांना चढ्या भावाने विकतो. ज्या टोपलीने त्या बाईला त्याच्या दारी जाण्यापासून वाचवले असते, ती मी ओतली.

चवीच्या वादात सर्वांना गप्प करणारी म्हातारी ती हीच. मी तिला ओळखले नव्हते. तिने मला येताक्षणीच ओळखले होते. वाद संपत आला तेव्हा कोणीतरी विचारले, आजी, आजवर सगळ्यांत चांगली दारू कोणत्या सालची? तिने माझ्याकडे पाहिले, आणि अगदी साध्या सुरात, जशी एखाद्या सालच्या धानाबद्दल बोलावी तशी म्हणाली, "ज्या वर्षी भाऊनं ओतली ना, त्या वर्षीची. फूल लय गोड होतं तेव्हा."

लोक हसले. मीही हसलो असेन. मग तेंदूच्या दराची सभा सुरू झाली, ती मध्यरात्र उलटेपर्यंत चालली.