कॅमेरा बांधावर येतो तेव्हा
(डोंबिवलीत राहणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मुलाने जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावाचे बोलणे चालू असताना हा मध्येच सिनेमावर बोलायला कुठून उभा राहिला, असे तुम्हाला वाटत असेल. नटनट्यांच्या सिनेमावर मी बोलणार नाही. खरी माणसे, खरी गावे दाखवणारा जो सिनेमा असतो, ज्याला माहितीपट म्हणतात, त्यावर बोलणार आहे. जेवणाच्या वेळी एकाने मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, आमच्या गावात शूटिंगवाले येणार म्हणतात. ज्या घरात आत्महत्या झाली, त्या घरी त्यांना न्यायचे की नाही?" मला चटकन उत्तर देता आले नाही. म्हणून उभा राहिलो.

माझे वडील कोरडवाहूत कपाशी आणि ज्वारी करत. मी नोकरीसाठी डोंबिवलीला गेलो तो तिथलाच झालो. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात भाताची खाचरे बुजवून इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत राहायला गावोगावची पोरे आली. आमच्या घराजवळून रेल्वे जाते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी धावली, हे शाळेत पाठ करून घेतात. १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली, १८६७ मध्ये नागपूरला. इंग्रजाला एवढी घाई कशाची होती? वऱ्हाडचा कापूस बंदरावर न्यायचा होता, हे मात्र मास्तर सांगत नाहीत.

पुढे मुंबईत गिरण्या निघाल्या आणि आपला कापूस तिथेही जाऊ लागला. त्या गिरण्यांचे काय झाले हे दाखवणारा 'साचा' नावाचा माहितीपट मी ठाण्यात एका मित्राच्या घरी पाहिला. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अंजली मोन्तेरो आणि के. पी. जयशंकर यांनी तो २००१ साली केला. पाऊण तासाहून थोडा मोठा आहे. त्यात दोन माणसे आहेत. एक कवी नारायण सुर्वे. टाकून दिलेले मूल, गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून वाढवले. २०१० साली सुर्वे वारले तेही ठाण्यातच. दुसरे चित्रकार सुधीर पटवर्धन. पेशाने क्ष-किरण तज्ज्ञ, ठाण्यात अनेक वर्षे दवाखाना केला, आणि रंगवली ती कामगारांची, लोकलच्या गर्दीची, उपनगरांची चित्रे. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. गिरणगाव त्यानंतर पूर्वीसारखे उभे राहिले नाही. बंद पडलेल्या त्या दुनियेची आठवण या दोघांच्या तोंडून येते. उगाच रडारड नाही. मला तो फार आवडला.

पण मी कपाशीवाल्याचा मुलगा. साचा फिरताना पाहिला की माझ्या मनात येते, हे सूत आले कुठून? त्या सिनेमाचा विषय शहर आणि कामगार हा आहे, तेव्हा दोष देण्याचे कारण नाही. मात्र सरकी ते साचा अशी सगळी वाट दाखवणारा सिनेमा माझ्या तरी पाहण्यात नाही.

कॅमेरा आपल्याकडे आला तो फार उशिरा, माणसे मरू लागल्यावर. २००९ मध्ये दीपा भाटिया यांनी 'नीरोज गेस्ट्स' केला. पत्रकार पी. साईनाथ विदर्भातल्या आत्महत्यांची बातमीदारी करत हिंडतात, त्यांच्या मागे तो सिनेमा जातो. २०११ मध्ये नंदन सक्सेना आणि कविता बहल यांचा 'कॉटन फॉर माय श्राउड' आला, म्हणजे माझ्या कफनासाठी कापूस. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. बियाण्याबद्दल त्यांचे जे म्हणणे आहे त्यावर या मांडवातच दोन तट पडतील, ते सोडा. ही माणसे कळवळ्याने आली, हे मान्य करू. त्यांच्यामागून मात्र जे आले, त्यांतल्या पुष्कळांना पाच मिनिटांत रडणारी बाई हवी होती. रडणारा चेहरा लगेच टिपता येतो. पेरणीपासून शेवटच्या वेचणीपर्यंतचा खर्च आणि नंतर बाजारात मिळालेला भाव टिपायचा, तर हंगामभर थांबावे लागते. कोण थांबतो?

थांबणारा एक होता. दादासाहेब फाळके. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडे थोडे चित्र घेत राहिले. महिन्याभराची वाढ पडद्यावर बघता बघता दिसली. 'अंकुराची वाढ' म्हणतात तिला. ती पाहून सावकार पैसे द्यायला तयार झाला. उभे पीक दाखवून कर्ज मिळवणारा एवढा भाग्यवान माणूस मी दुसरा पाहिला नाही! (हशा)

आता त्या भावाचा प्रश्न. त्या घरी न्यायचे की नाही हे तुम्ही ठरवू नका, मीही ठरवत नाही. त्या माउलीला विचारा, एकटीला विचारा. नाही म्हणाली तर कॅमेरा उंबऱ्याच्या बाहेर. आनंद पटवर्धनांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांवर १९८५ मध्ये 'हमारा शहर' केला. त्यात एक बाई शूटिंगवाल्यांवरच उखडते, आमचे फोटो काढून तुमचे नाव होईल, आमचे काय होईल, अशा अर्थाचे ती सुनावते. पटवर्धनांनी ते कापले नाही, सिनेमात ठेवले. तसे सुनावण्याचा हक्क आपल्या मायबहिणींनाही आहे.

आणि हो म्हणाली, तर शूटिंगवाल्यांना सांगा, एका दिवसाने भागणार नाही. मृगात या, निंदणीला या, सीतादहीला या. गाडी बाजारात रात्रभर उभी असते तेव्हा आमच्याबरोबर गाडीखाली झोपा. काटा होताना कॅमेरा काट्यावर धरा. मृताचा फोटो घ्याल, तर त्याची खर्चाची वहीही घ्या, पानन् पान. सिनेमा तयार झाला की तो आधी आमच्या चावडीत लावा, मग दिल्लीला न्या. हे कबूल नसेल तर चहा पाजून वाटे लावा.

'साचा' मी बरोबर आणला आहे. रात्री आठ वाजता शाळेच्या मोठ्या खोलीत लावतो, लाईट राहिली तर. बायांनी जरूर यावे, पुढच्या रांगा त्यांच्यासाठी ठेवल्या आहेत.