कामगार आणि ग्रंथ



आयुष्यभर ग्रंथांची संगत करणारा वाचक म्हटला की डोळ्यांपुढे भिंतभर कपाटे, आरामखुर्ची आणि निवांत दुपार उभी राहते. पीण्यात लेथवर आठ तास उभ्या राहणाऱ्या कामगाराला हे चित्र परके वाटावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु मराठीतील एका थोर वाचकाच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नव्हते.

अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातील वाटेगावी झाला. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा. कुटुंबाबरोबर पायी मुंबई गाठल्यावर त्यांनी दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची भित्तिपत्रके वाचीत अक्षरे जुळविली, असे सांगतात. पुढे गिरणीतील काम, माटुंग्याच्या लेबर कँपातील कम्युनिस्ट कार्यकर्त्यांचा सहवास, सभांची पत्रके. ग्रंथ हाती आले ते या वाटेने. मॅक्झिम गॉर्की त्यांना जवळचा वाटला. व्होल्गेवरील आगबोटीत भांडी घासणाऱ्या गॉर्कीच्या हाती पुस्तके देणारा माणूस त्या बोटीवरचा आचारी होता. दोघांच्याही शिक्षणाची जागा विद्यालयाच्या बाहेर होती. १९५९ मध्ये 'फकिरा' प्रसिद्ध झाली. तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. अण्णा भाऊंनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. वाचनाने या माणसाला कामगारवस्तीतून उचलून दुसरीकडे नेले नाही. त्या वस्तीकडे पाहण्याची दृष्टी मात्र दिली. मुंबई महापालिकेच्या शाळेत शिपाई असलेले आणि पुढे शिक्षक झालेले नारायण सुर्वे यांनी १९६६ च्या आपल्या संग्रहाला 'माझे विद्यापीठ' हे नाव दिले, त्यामागेही हाच अनुभव आहे.

मात्र अशा उदाहरणांचा एक गैरवापर होतो. ‘इच्छा असली की वाचता येते’, असे सांगून मालकवर्ग आणि त्याचे उपदेशक मोकळे होतात. इच्छेला वेळ लागतो, आणि वेळ लढून मिळवावा लागतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी १० जून १८९० रोजी मिळाली. तत्पूर्वी १८८४ पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा भरवून, सह्या गोळा करून ती मागणी लावून धरली होती. लोखंडे 'दीनबंधू' या पत्राचे संपादक होते. कामगारांसाठी पत्र काढणाऱ्याला, ते वाचण्यास कामगारापाशी दिवस नाही, हे इतरांआधी कळले असल्यास नवल नाही.

केरळातील विडी कामगारांनी वेगळा मार्ग काढला. एकाने वृत्तपत्र किंवा कादंबरी मोठ्याने वाचावी, इतरांनी ऐकत विड्या वळाव्यात, आणि वाचणाऱ्याच्या वाटच्या विड्याही इतरांनीच वळून द्याव्यात. क्यूबातील सिगार कामगारांनी १८६५ पासून हीच रीत पाडली होती. अक्षरशून्य कामगारही अशा रीतीने जाणता वाचक होई. विडीचे काम हातांचे, कान मोकळे ठेवणारे. पीण्यातील प्रेस आणि लेथ यांच्या गोंगाटात मात्र शेजाऱ्याची हाकही ऐकू येत नाही. तेथे नजर क्षणभर ढळली तरी बोट जाते. येथल्या कामगाराचे वाचन पाळी संपल्यावरच सुरू होऊ शकते. म्हणूनच २०२३ मध्ये कर्नाटक विधिमंडळाने कारखाने कायद्यात दुरुस्ती करून, आठवड्याचे ४८ तास कायम ठेवीत, दिवसाला बारा तासांपर्यंत काम घेण्याची वाट मोकळी केली, तो प्रश्न केवळ ओव्हरटाईमच्या हिशेबाचा नव्हता. बारा तास काम आणि वर जाण्यायेण्याचा वेळ धरला, तर पान उलटायला काय उरते?

दुसरा प्रश्न ग्रंथ मिळण्याचा. या बाबतीत कर्नाटक महाराष्ट्राच्या पुढे आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १९६५ च्या कर्नाटक सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने मालमत्ता करावर सहा टक्के ग्रंथालय उपकर बसविला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात असा उपकर नाही. तेथील ग्रंथालये शासकीय अनुदान आणि वर्गणी यांवर तग धरतात. कारखान्यांच्या इमारतींवरील करातही कामगाराच्या श्रमाचा वाटा असतो. तेव्हा त्या पैशातून वस्तीत वाचनालय हवे, ते दुसरी पाळी सुटल्यावरही उघडे हवे, आणि त्यात कन्नड, तमिळ, हिंदी ग्रंथांशेजारी मराठीचेही एक कपाट हवे, ही मागणी कामगार संघटनांनी पगारवाढीच्या मागणीपत्राइतक्याच नेटाने मांडली पाहिजे. कन्नड कामगारांना बरोबर घेऊनच ती मांडावी. एकट्या मराठीसाठी मांडली तर ती अडेल, आणि अडणे योग्यही ठरेल.