शिकाऊ हातांसाठी विमान

रिमोटवर उडणारं पहिलं विमान स्वतः बनवायचं असेल, तर लढाऊ विमानाच्या देखण्या आकाराचा मोह आधी सोडा. शिकणाऱ्याला हवं संथ उडणारं, चूक पोटात घालणारं विमान.

एक मीटर लांब आणि अठरा सेंटिमीटर रुंद पंख घ्या, फोमच्या शीटचा. तो विमानाच्या पाठीवर बसवा आणि दोन्ही टोकं थोडी वर उचललेली ठेवा. विमान एका बाजूला घसरू लागलं की खालच्या पंखाला जास्त उचल मिळते आणि ते स्वतःच सावरतं. याच उचललेल्या टोकांमुळे शेपटीचं सुकाणू वळवलं तरी विमान कलून वळतं, पंखातल्या पट्ट्या हलवायला वेगळे सर्व्हो, म्हणजे छोट्या मोटरी, लागत नाहीत.

बॅटरीसकट वजन पाचशे ग्रॅमच्या आत ठेवा. आणि तोल! पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाच सेंटिमीटरवर, पंखाखाली दोन्ही बाजूंना एकेक बोट टेकवून विमान उचला. नाक किंचित खाली झुकलं तर ठीक. शेपूट झुकली, तर बॅटरी पुढे सरकवा. शेपटीकडे जड झालेलं विमान नवशिक्याला आवरत नाही.

मग वारा पडलेल्या सकाळी, मोकळ्या माळावर, मोटर बंद ठेवूनच ते हातानं सोडून पाहा.