गर्भारपणांत आढळलेली गांठ



गर्भारपणांत हात पोटावर वारंवार जातो. अशा वेळीं एखाद्या दिवशीं बोटांना बाळाहून वेगळें, टणक असें कांहीं लागलें, तर मनांत दोन विचार येतात : ‘हा कर्करोग तर नव्हे?’ आणि ‘बाळंतपण होईपर्यंत बोलूंच नये.’ यांपैकीं पहिला बहुधा खोटा ठरतो. दुसरा मात्र घातक ठरूं शकतो.

ही गांठ पुष्कळदां गर्भाशयाच्या भिंतींतील स्नायूंची असते. तिला फायब्रॉइड म्हणतात. ती कर्करोगाची नव्हे, आणि ती असतांही बहुसंख्य स्त्रियांचें बाळंतपण सुखरूप होतें. मधल्या महिन्यांत तिचा रक्तपुरवठा अपुरा पडून कधीं पोट दुखतें. विश्रांतीनें व औषधानें तें बहुधा शमतें. रक्तस्रावाच्या भयामुळें ती गर्भारपणांत सहसा काढीत नाहींत. दुसरी गांठ बीजकोशांतील पाण्याची. अशा कित्येक गांठी चौथ्या महिन्याच्या सुमारास आपोआप विरतात. परंतु तिला पीळ पडला तर एकाएकीं तीव्र कळा येतात, वांत्या होतात. मग एक रात्रही थांबूं नये. बेंबीजवळचा मऊ फुगवटा हर्नियाचा असूं शकतो.

हा भेद नुसत्या हातास नेहमीं कळत नाहीं. ग्लासगो येथील डॉ. इयान डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनीं ध्वनिलहरींच्या साह्यानें पोटांतील गांठी पाहण्यासंबंधीं १९५८ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. असाध्य कर्करोग ठरविलेल्या एका बाईच्या पोटांत बीजकोशाची, काढतां येण्याजोगी गांठ आहे, हें त्यांच्या यंत्रानें दाखविलें. आज घरोघरीं ठाऊक असलेली सोनोग्राफी ती हीच. आपल्याकडील १९९४ च्या कायद्यानें बाळाचें लिंग सांगण्यास मनाई आहे. आईच्या पोटांतील गांठ पाहण्यास नाहीं.

घरांतील वडीलधाऱ्या बायकांना माझी विनंती आहे. सूनबाईनें गांठ दाखविली तर ती चोळूं नका, शेकूं नका, लपवूं नका. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. तेथें तिला न्या. गांठ केव्हां दिसली, वाढते कीं नाहीं, दुखते कीं नाहीं, रक्त जातें काय, एवढें डॉक्टरांना सांगा. दुखणें किंवा रक्तस्राव असेल, तर मात्र त्या तारखेची वाट पाहूं नका. पोटांतील बाळाची काळजी त्याच्या आईपासूनच सुरू होते.