शिस्त हवी, धाक नको

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्या वस्तीत अनेक घरी निकालाच्या दिवशी आधी पट्टा निघतो आणि मग प्रगतिपुस्तक उघडते. मारणाऱ्याच्या मनात माया नसते असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांनी शिक्षणासाठी हालअपेष्टा सोसल्या, त्यांना मुलाचे वर्ष वाया जाण्याची भीती वाटणारच. परंतु मार खाणारे मूल काय शिकते? ते अभ्यास शिकत नाही, चूक लपवायला शिकते. वडिलांची खोटी सही करणारा मुलगा अशाच धाकातून तयार होतो.

आम्ही बँकेतली माणसे. दिवसअखेर रोकड जुळली नाही तर त्याच संध्याकाळी ते सांगावे लागते. सांगितले की पावत्या तपासून फरक शोधता येतो. लपवलेला फरक मात्र अंगाशी येतो. घरातही हेच खरे. मुलाने चूक आपण होऊन सांगावी, ही शिस्तीची पहिली पायरी होय.

तथागतांनी पुत्र राहुलाला खोटे बोलण्याविषयी केलेला उपदेश मज्झिम निकायात आहे. सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात अभ्यासासाठी सुचविलेल्या ग्रंथांत त्याचाही उल्लेख केला आहे. तेथे हाती छडी नाही. भांड्यातले थोडेसे पाणी दाखवून, ते ओतून, भांडे पालथे करून समजावणे आहे. कोणतेही काम करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर त्याने स्वतःचे वा दुसऱ्याचे अहित होते का, हे तपासायला सांगितले आहे. हातून चूक घडलीच तर ती गुरूंना किंवा जाणत्या सोबत्यांना सांगावी, असेही तेथे आहे. जे मूल घाबरलेले आहे ते सांगेल कसे?

मग मुलांना मोकाट सोडायचे काय? मुळीच नाही. नियम हवा, पण तो आधी सांगितलेला असावा. शिक्षेचा चुकीशी संबंध असावा. पाणी सांडले तर मुलाने ते पुसावे, भावाची वही फाडली तर ती चिकटवून द्यावी. त्यासाठी जेवण तोडू नये. आपण रागात असू तेव्हा शिक्षा ठरवू नये. शिक्षा झाली की विषय संपला. पाहुण्यांसमोर तो पुन्हा उकरू नये. आणि मुलगा उशिरा आला तर हसायचे, मुलगी आली तर कोंडायचे, हा न्याय नव्हे. समतेच्या गोष्टी सभेत सांगून घरात दोन मापे चालणार नाहीत.

शाळेतही मारणे आता कायद्याने बंद आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई करते. तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मास्तरांना 'हाडे आमची, मास तुमचे' म्हणून मूल सोपविण्याचे दिवस गेले.

विद्यार्थी मित्रांनो, एक शब्द तुम्हालाही. छडी नाही म्हणजे जबाबदारी नाही, असे समजू नका. कोणी पाहत नसताना पाळली जाते तीच खरी शिस्त. आणि पालकहो, यंदा निकालाच्या दिवशी मुलाला आधी शेजारी बसवा, कोणता विषय जड गेला ते विचारा, आणि प्रगतिपुस्तक दोघे मिळून उघडा.